शिट्टी आमची, व्हाउचर त्यांचं

सेवा कोणती ते आधी सांगते. आमच्या जिल्ह्यात शालेय खो-खो स्पर्धांना पंच पुरवणारी एक संघटना आहे. पंच नेमणं, स्पर्धेच्या दिवशी त्यांना खाऊपिऊ घालणं आणि मागाहून त्यांचं मानधन वाटणं, ही तिन्ही कामं तिच्याकडे. मी बरीच वर्षं तिथे पंच म्हणून जाते, तेव्हा अभिप्राय लिहायचा हक्क मला आहे असं धरून चालते. नाव लिहिणार नाही. खान्देशात तीन जिल्हे, खेळ डझनभर, आणि एकेका खेळाच्या कधी एक तर कधी दोन संघटना. अंदाज बांधत बसू नका. कबड्डीच्या नाहीतर व्हॉलीबॉलच्या पंचांनी वाचलं तरी त्यांना हे आपल्याच घरचं वाटेल.

मी चोपड्याची. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. शाळा-कॉलेजात खो-खो खेळले, लग्नानंतर पंच परीक्षा दिली. माझ्यासोबतचे बहुतेक पंच शाळांमधले क्रीडाशिक्षक. ते स्पर्धेला आले की त्यांची कर्तव्य रजा लागते, पगार चालू राहतो. मी आले की दुकानाचं शटर खाली. त्यामुळे मानधन उशिरा मिळालं तर त्यांची चिडचिड होते आणि माझं वीजबिल थकतं. हा अभिप्राय मुख्यतः शटरवाल्यांसाठी आहे.

एकूण पाचपैकी दोन तारे देते. कुठे किती कापले ते सांगते.

नेमणुकीपासून सुरू करू. फोन येतो आदल्या संध्याकाळी. "ताई, उद्या सकाळी आठला मैदानावर. पांढरा ड्रेस, शिट्टी आपली." झालं. पत्र मागितलं तर "देतो ना, पळून चाललो का?" पत्र येतं, पण बऱ्याचदा स्पर्धा उरकल्यावर, तेही व्हॉट्सॲपवर, तिरक्या फोटोत. त्यात तारीख असते, ठिकाण असतं, 'आपली पंच म्हणून नेमणूक करण्यात येत आहे' असतं, वेळेवर हजर राहण्याची ताकीद असते. दर नसतो. किती पैसे, कोण देणार, केव्हा देणार, यातलं एक अक्षर त्या पत्रात नसतं. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे.

पंच किती लागतात याची बाहेरच्यांना कल्पना नसते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. वयोगट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. मुलं-मुली वेगळी. म्हणजे एकाच खेळाच्या सहा स्पर्धा झाल्या. खो-खोच्या एका सामन्याला नियमाने दोन पंच, एक सरपंच (गावचा नव्हे, मुख्य पंच), एक वेळाधिकारी आणि एक गुणलेखक हवा. तालुक्याच्या स्पर्धेत दोन मैदानं लागली की नियमाप्रमाणे दहा माणसं झाली. प्रत्यक्षात सहा असतात. गुणलेखकच घड्याळ धरतो, सरपंच एका बाजूचा पंच होतो, आणि पोरांना वाटतं खेळ असाच असतो.

या कामाला पैसे का द्यायचे असा प्रश्न मला एका मुख्याध्यापकांनी विचारला होता. "सेवाभावाने करा की, मुलांचंच काम आहे." त्यांना मैदानावर उभं करायला हवं होतं. १९ वर्षांखालच्या मुलींचा सामना, शेवटचं मिनिट, एक गुण हवा. संरक्षक मुलगी खांबाशी येते, वाकते, पुन्हा मागे फिरते. आक्रमण करणारी मुलगी खांब धरून सूर मारते आणि बोटांची टोकं पाठीला लागतात. गडी बाद. पण सूर मारण्याआधी तिचा पाय मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, पडला होता का? पडला असेल तर फाऊल, आणि फाऊल करून टिपलेला गडी बाद धरत नाहीत. मी लॉबीच्या (मैदानाभोवतीच्या मोकळ्या पट्ट्याच्या) बाहेर, ऊन समोरून, धूळ उडालेली. निर्णय तेवढ्यात द्यायचा आणि ठामपणे द्यायचा, कारण शिट्टी अडखळली की गर्दीला कळतं. मैदानाबाहेर बारावीतल्या पोरींचे बाप उभे असतात. त्यांना पाटी-खांब काही कळत नाही, पण सवलतीचे क्रीडागुण बरोबर कळतात. स्पर्धेतल्या यशावर दहावी-बारावीच्या निकालात गुण मिळतात, म्हणजे माझ्या एका शिट्टीवर एखादीची टक्केवारी हलते. त्या दिवशी मी फाऊल दिला. एक गृहस्थ थेट लॉबीपर्यंत आले आणि माझ्या घरी कोण कोण आहे याची चौकशी करून गेले. सेवाभाव म्हणे.

जेवणाला मात्र तीन तारे, आणि ते यजमान शाळांमुळे. रावेरकडच्या एका गावातल्या शाळेने वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी केली होती. बट्टी तुपात बुडवून ताटात पडली की दुपारच्या सत्रात पंच हळू धावतात हा एवढाच तोटा. थंडीत कुठे भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते. शाळेतल्या मावशी "आजून घ्या मॅडम" म्हणत पाठीशी उभ्या राहतात. याउलट जेवणाची जबाबदारी संघटनेकडे असली की पुडीतला पोहा आणि कागदी कपातला चहा, दुपारी दोननंतर शेवभाजी, तीही अशी की रश्श्यात शेव शोधावी लागते. असो. पोट भरतं, तक्रार नाही.

नियमांच्या उजळणी वर्गाला मी पाचपैकी साडेचार देईन. हंगामाच्या आधी एक दिवस ज्येष्ठ पंच सगळं पुन्हा शिकवतात, बदललेले नियम मैदानावर आखून दाखवतात. आमचे एक आप्पा आहेत, निवृत्त शिक्षक. पंचाने कुठे उभं राहावं हे त्यांनी चुन्याने माझ्या पायाभोवती गोल आखून शिकवलंय. अर्धा तारा कापला तो वर्गाच्या फीसाठी. तीही आमच्याच मानधनातून वळती होते.

आता मानधन.

दिवसाला तीनशे रुपये असं तोंडी ठरलेलं. त्यातून पन्नास 'पंच कल्याण निधी'. त्या निधीने आजवर कुठल्या पंचाचं कल्याण केलं ते मला दिसलेलं नाही. टी-शर्ट दिला तर त्याचे वेगळे. उरलेले पैसे केव्हा, तर 'अनुदान आल्यावर'. आमच्याकडे शालेय स्पर्धा साधारण ऑगस्टपासून दिवाळीच्या मागेपुढे होतात. कपाशीची वेचणी सुरू होते तेव्हा आमचा हंगाम संपत आलेला असतो. अनुदानाचा विषय निघतो मार्च एंडला. मार्चमध्ये विचारलं तर "बिलं वर पाठवलीत." वर म्हणजे कुठे, ते विचारायचं नसतं.

व्हाउचरचा प्रकार नव्या पंचांनी नीट समजून घ्यावा. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, बक्षीस समारंभाची खुर्च्यांची ओढाताण चालू असताना, एक कार्यकर्ता छापील व्हाउचरांचं पुडकं घेऊन येतो. प्रत्येकावर आधीच एक रुपयाचा महसूल मुद्रांक चिकटवलेला. नाव लिहिलेलं. रकमेचा रकाना कोरा. "मॅडम, सही मारा पटकन, बिल लावायचंय." बाकीचे पंच एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सह्या करत असतात. मी दुकानात दिवसभर कागद वाचते, त्यामुळे मला कोरा रकाना दिसला की हात थांबतो. आणि मुद्रांक कशासाठी? पावतीवर तो लागतो पाच हजारांच्या वरच्या रकमेला. माझं मानधन पाच हजारांच्या वर गेलं तर मी पेढे वाटीन. मी रकमेच्या रकान्यात तीनशे अंकी आणि अक्षरी लिहिलं, पुढे रेघ मारली, सहीच्या वर 'रक्कम अद्याप मिळालेली नाही' असं लिहून तारीख टाकली आणि मोबाइलवर फोटो काढला. कार्यकर्त्याने ते व्हाउचर हातात धरलं, उलटं करून पाहिलं, सुलटं केलं.

"मॅडम, हे असं चालत नाही."

"मग पैसे आत्ता द्या, वरची ओळ खोडते."

"तुम्ही कायदा शिकवू नका."

पुढच्या स्पर्धेच्या यादीत माझं नाव नव्हतं. विचारलं तर "या वेळी ॲडजस्ट झालं नाही ताई." त्याच्या पुढच्या स्पर्धेला पुन्हा फोन आला, कारण मुलींच्या सामन्यांना बाई पंच हवी आणि आमच्या भागात परीक्षा पास झालेल्या बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तेवढ्यापुरती माझी किंमत आहे, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही.

प्रवासभत्त्याची गंमत तर वेगळीच. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. चांगली सोय आहे, मी रोज दुवा देते. पण त्याच हंगामात संघटनेच्या हिशेबनिसांनी माझ्या प्रवासभत्त्यावर काट मारली. "तुम्हाला हाफ तिकीट, म्हणजे भत्ता हाफ." वरवर पाहता बरोबर वाटतं. प्रत्यक्ष खर्च झाला तेवढाच देणार असतील तर माझं काही म्हणणं नाही, तिकीट दाखवते, तेवढेच द्या. पण पुरुष पंच एका मोटारसायकलवर तिघं बसून येतात आणि तिघांनाही एसटीचं पूर्ण तिकीट मिळतं. त्यांना कुणी पेट्रोल पंपाची पावती मागत नाही, तिघांत भागून देत नाही. मी म्हटलं, सवलत सरकारने बायकांना दिली, तुमच्या संघटनेला नाही दिली. ते हसले. हिशेबनीस हसले की समजावं, पैसे मिळणार नाहीत. या बाबीला एकही तारा नाही.

टीडीएसचं ऐका. एका वर्षी रक्कम आणखीच कमी आली. कारण विचारलं तर "दहा टक्के टॅक्स कापला, सरकारी नियम आहे." माझं कामच ऑनलाइन फॉर्म भरायचं. आयकराच्या संकेतस्थळावर माझ्या पॅनने लॉगिन केलं, २६-एएस उघडला, म्हणजे आपल्या नावावर कुणी किती कर भरला ते दाखवणारा तक्ता. माझ्या नावावर संघटनेकडून एक रुपया भरलेला नव्हता. मग नियमच शोधून वाचला. आयकराच्या १९६१ च्या कायद्यातल्या कलम १९४-जेखाली पंच आणि रेफरी यांचा समावेश 'व्यावसायिकां'मध्ये २००८ च्या अधिसूचनेने झाला. खेळाडू, प्रशिक्षक, समालोचक यांच्याबरोबर आम्हीही त्या यादीत आहोत. पण कपात केव्हा करायची, तर एकाच देणाऱ्याकडून वर्षाला ३० हजारांच्या वर रक्कम गेली तर. एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा ५० हजार झाली. मी सलग दोन महिने रोज शिट्टी फुंकली असती तरी माझा आकडा तिथवर जायला दमला असता. म्हणजे कर कापायचा नव्हताच, आणि कापला म्हणाले तर तो भरला नव्हता. मी २६-एएसची प्रिंट काढून पंचांच्या ग्रुपवर टाकली. संघटनेचे सचिव तासाभरात ग्रुपमधून बाहेर पडले आणि रात्री परत आले. पुढच्या वर्षी टॅक्सचं नाव कुणी काढलं नाही. हे एवढं एक भांडण आम्ही पूर्ण जिंकलो.

मुख्य प्रश्न तसाच होता: आमचे पैसे देणार कोण? संघटनेला विचारा, ती सरकारी कार्यालयाकडे बोट दाखवते. कार्यालयात जा, तिथला बाबू म्हणतो, "आम्ही पंचांना ओळखत नाही, आमचा व्यवहार संघटनेशी." यजमान शाळा म्हणते, आम्ही मैदान आणि जेवण दिलं. आप्पांच्या अहिराणीत सांगायचं तर, "पैसा तठे अडकेल शेतस ताई, आठे बोंबलीसन काय फायदा?" पैसे तिकडे अडकलेत, इथे बोंबलून काय फायदा? पण तठे म्हणजे नेमकं कुठे, ते शोधायला मी माहितीचा अधिकार वापरला. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत तीस दिवस, कागदाच्या पानामागे दोन रुपये. माझ्या दुकानातही तोच भाव आहे. संघटनेकडे थेट अर्ज लावला असता तर 'आम्ही सरकारी नाही' म्हणून वाद घालत बसले असते. कार्यालय तर सरकारी आहे ना? मग विचारायचं कार्यालयाला: अमुक स्पर्धेच्या पंच मानधनापोटी किती रक्कम, कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या दराने अदा केली.

उत्तर मुदतीत आलं, याबद्दल कार्यालयाला मनापासून एक तारा. 'सदर रक्कम संबंधित संघटनेस अदा करण्यात आलेली आहे.' तारीख होती दिवाळीच्या आधीची. आम्हाला मार्चची वाट बघायला लावली होती. आणि दर होता पंचामागे दिवसाला चारशे.

तीनशे आणि चारशे यांच्यातले शंभर कुठे गेले, याचं उत्तर सचिवांनी बैठकीत दिलं. उभे राहून, शांतपणे. संघटनेलाही खर्च असतो. राज्य संघटनेची वर्गणी, कार्यालयाचं भाडं, चेंडू... नाही, खो-खोत चेंडू नसतो, ते सवयीने बोलून गेले. पूर्वी ते व्हॉलीबॉलच्या संघटनेत होते. चुना, दोरी, खांब, प्रमाणपत्रांची छपाई. मी सांगते, यातलं बरंचसं खरं आहे. जिल्हा पातळीवरची संघटना चालवणं सोपं नाही, खिशातून घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि आमचे सचिव त्यांच्यातले होते कधीकाळी. खांब रंगवायला स्वतः डबा घेऊन बसलेले मी पाहिलेत. पण खर्च भागवायचा तर वर्गणी मागा, पावती द्या, वार्षिक हिशेबात दाखवा. नोंदणीकृत संस्थेला लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावाच लागतो. माझ्या मानधनातले शंभर मला न सांगता कापून घेणं ही वर्गणी नव्हे.

मग लिंबाखालची बैठक. जिल्हा स्पर्धेचा शेवटचा दिवस, जेवण झालेलं, १७ वर्षांखालच्या मुलींचा उपांत्य सामना लागायचा होता. सगळे पंच मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली बसले. बूट घातलेले, शिट्ट्या गळ्यात, पण उठायचं नाही. मागच्या दोन स्पर्धांचे पैसे मिळाल्याशिवाय पुढचा सामना नाही. सचिव आले, सोबत दोन-तीन पदाधिकारी. "पोरींचा खेळ अडवता? लाज वाटत नाही?" मग सगळ्यांना सोडून माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तरी."

आणि खरंच, त्या मुली तिथेच उभ्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेचा संघ होता, सकाळी टेम्पोतून आलेला. अंधार पडायच्या आत परत निघायचं म्हणून त्यांचे सर घड्याळ बघत होते. त्या मुलींचा आणि आमच्या तीनशे-चारशेचा काय संबंध? माझ्यासोबतचे दोघं म्हणत होते, आता उठलो तर आयुष्यभर उठत राहू. तेही खरं होतं. सामना बघायला आलेल्या दोन शिक्षकांना पर्यायी पंच म्हणून उभं करायची तयारी पदाधिकाऱ्यांनी चालवली होती. त्यांतल्या एकाने पायात चप्पल घातली होती.

त्या सामन्याची सरपंच मी होते. मी म्हटलं, खेळवते. पूर्ण सामना खेळवला, दोन्ही डाव, एकही फाऊल न सोडता. आश्रमशाळेच्या मुली जिंकल्या; त्यांच्या एका मुलीने शेवटच्या पाळीत अशी काही हुलकावणी दिली की लिंबाखालचे पंचही उठून उभे राहिले. सामना संपला, गुणलेखकाने गुणपत्रक माझ्यापुढे धरलं. मी पेन बंद करून खिशाला लावलं. सरपंचाची सही नाही तर निकाल पुढे जात नाही, आणि अंतिम सामना अर्ध्या तासावर. मुलींचा खेळ झालेला होता, त्यांचं काही बुडणार नव्हतं. अडकणार होते ते व्यासपीठावरचे. हे योग्य की अयोग्य यावर आमच्यात अजून दोन मतं आहेत. आप्पा त्यानंतर महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांच्या मते गुणपत्रकाला हात लावायचा नसतो. मला विचाराल तर, मी पुन्हा तेच करीन.

वीस मिनिटांत लेटरहेड आलं. त्यावर सचिवांच्या हस्ताक्षरात दोन ओळी: मागील दोन स्पर्धांचे मानधन आठ दिवसांत, आणि पुढील हंगामापासून नेमणूक पत्रावर दर. खाली सही, शिक्का. मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, मग गुणपत्रकावर सही केली.

आठ दिवसांचे दीड महिने झाले. पैसे आले, तीनशेच्या दराने. वरच्या शंभरांचा वाद अजून चालू आहे.

यानंतर 'तुम्ही काय आमचे नोकर आहात का हक्क मागायला?' हे वाक्य फार ऐकलं. म्हणून जगात इतरत्र काय चालतं ते वाचून काढलं. अमेरिकेतही हेच आहे, फक्त आकडे मोठे. पेनसिल्वेनियात शालेय लॅक्रोस सामन्यांच्या पंचांनी २०१५ मध्ये युनियन करायची मागणी केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार मंडळाने २०१७ मध्ये ते राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेचे कर्मचारी आहेत असं ठरवलं. संघटना कोर्टात गेली आणि २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने निकाल फिरवला: पंच हे स्वतंत्र कंत्राटदार, कर्मचारी नव्हेत. कोर्टाने पाहिलेल्या गोष्टींत एक ही होती की हंगामातल्या नेहमीच्या सामन्यांचे पैसे शाळा देतात, संघटना फक्त शेवटच्या फेऱ्यांचे देते आणि तेही मोजके दिवस. वाचताना मला आमचा बाबूच आठवला. पण तिथे एक गोष्ट स्वच्छ आहे. पैसे शाळा देते की संघटना, हे पंचाला माहीत असतं. आम्ही ते शोधायला माहितीचा अधिकार लावतो. आणि तिथेही लोक कंटाळलेच: २०१८-१९ नंतर तीनेक वर्षांत सुमारे ५० हजार शालेय पंचांनी काम सोडलं, असं तिथल्या शालेय क्रीडा महासंघानेच सांगितलं. पैशापेक्षा पालकांच्या शिवीगाळीमुळे जास्त, असं म्हणतात. माझ्या घरच्यांची चौकशी करणारे ते गृहस्थ अमेरिकेतही आहेत तर.

क्रिकेटशी तुलना करत नाही. बीसीसीआयचे वरच्या श्रेणीतले पंच प्रथम श्रेणी सामन्याला दिवसाला ४० हजार घेतात. ते वेगळं गाव आहे. पण आमच्या खो-खोलाही आता बरे दिवस म्हणतात. २०२२ ला लीग सुरू झाली, जानेवारी २०२५ ला दिल्लीत विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. त्या रात्री आमच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांच्या स्टेटसला फटाके होते. मीही नाचले, खोटं कशाला बोलू. सकाळी उठून सचिवांच्या स्टेटसखाली लिहिलं: 'अभिनंदन सर. मागील मानधन?' त्यांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

पर्याय काय आहे, असं विचाराल. गावोगावी भाऊंच्या, दादांच्या वाढदिवसाच्या स्पर्धा होतात. तिथे रात्री दिव्यांखाली सामने, पंचाला नारळ, शाल आणि पाकीट, जागेवर, बक्षीस वाटपाच्या आधी. पाकिटात आमच्या दराच्या दुप्पट. पण तिथे पंचाच्या निर्णयावर भाऊंच्या शेजारी बसलेल्यांचं मत घेतलं जातं आणि घरी परतायला एसटी नसते. बाईमाणसाने एकटीने जाऊ नये. मी दोनेक ठिकाणी नवऱ्याला सोबत नेलं. त्याला खो-खोतलं काही कळत नाही, पण तो उंच आहे. शेजारच्या एका जिल्ह्यात मात्र पंचांचे बँक खाते क्रमांक आधीच घेतात आणि स्पर्धा झाल्यावर महिन्याच्या आत रक्कम थेट खात्यात येते, कापाकापी नाही. दर आमच्यापेक्षा थोडा कमीच आहे. तिकडून बोलावणं आलं तर मी पहिल्या एसटीने निघते.

तर कुणी ही सेवा घ्यावी? शाळेत कायम नोकरी असेल, खेळाची आवड असेल, तर खुशाल घ्या. उजळणी वर्ग आणि रावेरकडची वरण-बट्टी एवढ्यावर वसूल होतं. दुकान, शेतमजुरी, शिकवणी असं रोजावर पोट असेल तर आदल्या संध्याकाळच्या फोनलाच दर विचारा आणि 'मेसेज करा' म्हणा. मेसेज आला तर जा. व्हाउचरवर रक्कम स्वतः भरा, फोटो ठेवा. पॅनचं लॉगिन स्वतःकडे ठेवा, येत नसेल तर चोपड्याला माझ्या दुकानात या, पंचांना २६-एएसची प्रिंट फुकट.

या हंगामाच्या नेमणूक पत्रावर दराचा रकाना छापून आला आहे. तिथे पेनने लिहिलंय, 'नियमाप्रमाणे'. मी उत्तर पाठवलं: कोणत्या नियमाप्रमाणे, क्रमांक कळवावा. दोन निळ्या खुणा आल्या आहेत. स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे. उत्तर आलं नाही तर दुकान उघडं राहील, दहावीच्या फॉर्मची गर्दीही तेव्हाच आहे.